केमन एस ट्रॅकवर नेली आणि पेडल खाली गेलं. मोठं ब्रेक किट टाकू का?

रावेरचा_केळीवाला

राम राम मंडळी. गाडी पोर्श केमन एस, २००८ ची, ३.४ लिटर, सहा गिअर मॅन्युअल. पुण्यातून सेकंडहँड घेतली. आमचा धंदा केळीचा, त्यामुळे एरवी ती रावेर-सावदा-जळगाव एवढीच फिरते. गावात कुणी पॉवर विचारत नाही, "खालून घासत नाही का भो?" एवढंच विचारतात. घासते.

या हिवाळ्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डे होता. आपल्या केळीचे ट्रक दिल्लीला जातातच, रस्ता पाठ आहे. गाडी फ्लॅटबेडवर टाकली आणि गेलो. पहिलं सेशन एक नंबर झालं. दुसऱ्यात काही लॅप झाल्यावर पेडल हळूहळू लांब जायला लागलं. मला वाटलं पाय दमला असेल. तिसऱ्या वळणातून बाहेर पडलं की तिथे किलोमीटरभराचा सरळ रस्ता आहे, त्याच्या टोकाला चौथं वळण. काटा दोनशेच्या वर, ब्रेक मारला, तर पेडल जवळजवळ मॅटला टेकलं. दोनदा पंप केल्यावर धरलं. वळण सोडून बाहेरच्या मोकळ्या भागात गेलो, लागलं काही नाही. पिटमध्ये येऊन हँडब्रेक ओढला तर एक मार्शल लांबून ओरडत आला. का ओरडला ते कळलं नाही, पण सोडला.

तासाभराने पेडल परत आलं, पूर्वीइतकं कडक मात्र नाही. आता घरी चाकं काढून पाहिली तर पुढच्या डिस्कला जी भोकं आहेत त्यांच्या कडेने केसासारख्या चिरा दिसतात. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. ब्रेक ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललं होतं देव जाणे.

एका वर्कशॉपने सांगितलं की गाडीचे ब्रेकच छोटे आहेत, पुढे सहा पिस्टनचं मोठं किट टाका, ३५५ मिलिमीटरची डिस्क येईल. किट, कस्टम ड्युटी, बसवणी धरून पावणेचार लाख, वर १९ इंची चाकं लागतील ती वेगळी. मोठा भाऊ म्हणतो एवढ्यात पाच एकरांचं ड्रिप नवं होतं. त्याचं चूक नाही.

तर खरंच किट लागतं का? की पॅड बदलून भागेल? गाडी रोजच्या रस्त्यावरही चालवायची आहे. घरून एकच अट: दारात आल्यावर किंचाळायला नको. वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाण्याचा विचार आहे.

तापीकाठ

केयीना समदा पैसा गाडीमा टाका का भो? पण गाडी भारी शे.

नोएडा कशाला, पिथमपूरचा नॅट्रॅक्स आपल्याला किती जवळ. शिरपूर, सेंधवा, इंदूरच्या अलीकडेच. सकाळी निघालं की दुपारी तिथे.

रावेरचा_केळीवाला

तिथला मोठा ट्रॅक म्हणजे ११.३ किलोमीटरचा अंडाकार आहे, पळवायचा. त्यात ब्रेकचा कस कुठे लागतो? आणि ती मुळात गाड्यांच्या चाचण्यांची जागा आहे.

आग्रारोड_धुळे

भाऊ, किटची ऑर्डर दिली नसेल तर थांबा. दिली असेल तर फोन करून थांबवा.

माझी ओळख एवढीच: वडिलांचं धुळ्यात आग्रा रोडला ट्रकच्या लायनर बसवायचं दुकान. मी मधली काही वर्षं कोइम्बतूरला रेसच्या गाड्यांवर फिटर म्हणून काढली, आता परत इथेच. बिजासन घाट उतरून आलेले ट्रक आमच्या दुकानापुढे लागायचे, ड्रमातून धूर निघत असायचा. ड्रायव्हर म्हणायचे ब्रेक कमजोर आहे, मोठा बसवा. वडील आधी विचारायचे, घाट कोणत्या गिअरमध्ये उतरलास?

तुमची गोष्ट तीच आहे. ब्रेक छोटे पडले नाहीत, तापले. त्यातही डिस्क-पॅड नाही, तेल तापलं. हे मी इथे धुळ्यात बसून कशावरून म्हणतो, तर पेडलवरून. ब्रेक जाण्याच्या दोन तऱ्हा. पेडल नेहमीसारखं कडक, पाय जीव खाऊन दाबतोय आणि गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या बाहेर गेला. पेडल मऊ होऊन खाली गेलं, पंप केल्यावर वर आलं, तर कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, तेल उकळून त्याची वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय मॅटपर्यंत जातो. गार झाल्यावर वाफेचं परत तेल होतं, म्हणून तासाभराने तुमचं पेडल आलं. पूर्ण आलं नाही, कारण थोडी हवा आत राहिली असणार.

आता आकडे बघा, म्हणजे वर्कशॉपवाल्याशी बोलायला बरं पडेल. गाडी, तुम्ही, पेट्रोल मिळून १५०० किलो धरा. ताशी २१० वरून ७५ वर आणायची. त्यात साधारण २२ लाख ज्यूल ऊर्जा निघते आणि हे सगळं चार-सव्वाचार सेकंदांत. वाऱ्याने अडवलेलं वजा केलं तरी ब्रेक त्या चार सेकंदांत साडेसहाशे हॉर्सपॉवरचं काम करतो. तुमचं इंजिन २९५ चं. म्हणजे पोर्शने गाडीला जेवढं इंजिन दिलं त्याच्या दुपटीहून मोठा ब्रेक दिलाय. तेवढ्या उष्णतेत तीस अंशांचं कळशीभर पाणी, साडेसात लिटर, उकळीला येईल. ती उष्णता चार बीडाच्या डिस्कमध्ये जाते. चारी मिळून पंचवीस-तीस किलो बीड धरलं तर एका ब्रेकिंगला दीडशे अंशांच्या आसपास भर. पुढच्या वळणापर्यंत त्यातलं किती हवेत सोडता आलं, यावर सगळा खेळ.

तेलाचं गणित असं. डॉट ४ ही ब्रेकच्या तेलाची एक प्रत. ते तेल नवं, कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळलं पाहिजे, हा नियमाचा आकडा. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण घट्ट असलं तरी, चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीतून, म्हणजे होजमधूनसुद्धा. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की त्याचा किमान आकडा १५५ वर येतो. आधीच्या मालकाने कधी बदललं देव जाणे म्हणता, म्हणजे तुम्ही दीडशेच्या घरातलं तेल घेऊन दोनशेच्या वेगाने चौथ्या वळणाला गेलात. रावेर-जळगाव रस्त्यावर हे आयुष्यभर कळलं नसतं, कारण तिथे पुढे ट्रॅक्टर असतो.

म्हणून सगळ्यात आधी तेल. मोटुल आरबीएफ ६०० घ्या, कोरडं ३१२ अंशांना उकळतं. कॅस्ट्रॉल एसआरएफ त्याहून चांगलं, विशेषतः पाणी मुरल्यावर टिकतं, पण महाग आणि आपल्याकडे मागवावं लागतं. वर्षातून दोन-तीन ट्रॅक डेला पहिलं पुरे. डॉट ५ कुणी दिलं तर घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या सिस्टीमचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. नावं अशी ठेवणाऱ्याला आमच्या दुकानात एक दिवस बसवायला पाहिजे.

बदलताना फिटरच्या शेजारी उभे राहा. तुमच्या कॅलिपरला चार पिस्टन आणि जुनं तेल-हवा सोडायची दोन निपल आहेत, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. बरेच जण बाहेरचं उघडतात, तेल आलं की झालं म्हणतात, आतला अर्धा तसाच. आधी बाहेरचं, मग आतलं. मागच्या उजव्या चाकापासून सुरू करून पुढच्या डाव्याला संपवा. पारदर्शक नळी लावा आणि बाटलीत बघा: आधी काळपट तपकिरी येईल, मध्ये बारीक बुडबुड्यांची माळ, मग स्वच्छ पिवळसर. रंग बदलला म्हणून लगेच थांबू नका, माळ थांबेपर्यंत सोडत राहा. वरच्या टाकीवर एक माणूस ठेवा, ती रिकामी झाली तर हवा एबीएसच्या पंपात जाते आणि मग स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग सोलून काढतं.

बाटली सीलबंद घ्या, उघडलेली परत वापरू नका. दुकानात फळीवर अर्धी बाटली ठेवलेली असते ना, ती क्लचला.

दुसरं, पॅड. कंपनीचे पॅड वाईट नाहीत, पण ट्रॅकला त्यांची मजल संपते. तुमची "किंचाळायला नको" अट असेल तर फेरोडोचा डीएस २५०० बघा. थंड असतानाही धरतो, पाचशे अंशांपर्यंत साथ देतो, कधीमधी चिरकतो. त्याच्या पुढचे पॅजिडचे रेसचे पॅड ट्रॅकवर सोनं, पण रस्त्यावर थंडीत पहिल्या ब्रेकला अंगावर काटा आणतील, आणि दारात आल्यावर सगळ्या गल्लीला कळेल कोण आलं. मागचेही त्याच जातीचे टाका. फक्त पुढचे बदलले की पुढचं-मागचं गणित हलतं.

तिसरं, हवा. हे सगळ्यात स्वस्त आणि याबद्दल कुणी बोलत नाही, कारण यात कुणाला पैसे मिळत नाहीत. पोर्शच्याच ९११ जीटी३ ला पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मवर प्लास्टिकचे हवा वळवणारे पंखे येतात, ते तुमच्या केमनला बसतात. काही हजारांचं काम. गाडीखालची हवा डिस्कच्या मध्याकडे वळते. डिस्क आतून पोकळ आहे, हवा मध्यातून घेऊन कडेने फेकते, म्हणून हवा मध्यावर पडली पाहिजे, तोंडावर नाही. आपल्या रस्त्यांवर एखादा स्पीडब्रेकर त्यांना उडवेल, दोन जोड्या मागवा.

डिस्कचं सांगतो. तुमच्या पुढच्या ३१८ च्या आहेत, मागच्या २९९ च्या. त्या चिरा उष्णतेच्या. भोकापासून निघालेली बारीक चीर, नख फिरवलं तर अडकत नाही, ती चालते. दोन भोकं जोडणारी किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली चीर असेल तर ती डिस्क त्या दिवशीच भंगारात. वितळवून तवा करा, पण गाडीला नको. कडेवर किमान जाडी छापलेली असते, तीही मोजा. नव्या घ्याल तेव्हा ट्रॅकसाठी भोकं नसलेल्या, साध्या किंवा खाचांच्या घ्या. भोकं पावसात पाण्याला आणि फोटोला बरी. तापण्याच्या बाबतीत ती फक्त बीड कमी करतात आणि चिरेला जागा देतात.

हँडब्रेकबद्दल मार्शल बरोबर ओरडला. तुमच्या गाडीत मागच्या डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम आहे, हँडब्रेकचे लायनर त्यात. सगळं तापलेलं असताना ओढून ठेवलं तर एकाच जागी चिकटतं. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा गुटका लावा. सेशनची शेवटची लॅप ब्रेक न वापरता हळू फिरा. थांबल्यावर पेडलवर पाय ठेवून गप्पा मारू नका, तापलेला पॅड डिस्कवर आपला शिक्का सोडतो. मग लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली, स्टिअरिंग थरथरतं. बहुतेक वेळा डिस्क सरळ असते, पॅडचा माल तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो.

कॅलिपरचा लाल रंग बघून सांगा. लाल आहे की चॉकलेटीकडे गेलाय?

घाटवाट_पुणे

दादा, माहिती चांगली आहे पण थोडं एकांगी वाटलं. माझ्या टर्बो सेदानला मी मोठं किट टाकलं आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना आता मनात धाकधूक नसते. मोठी डिस्क म्हणजे जास्त बीड, जास्त बीड म्हणजे कमी तापमान, हे तुमच्याच हिशोबात बसतं. शिवाय थांबायचं अंतरही कमी होतं.

आग्रारोड_धुळे

पहिलं मान्य, शेवटचं नाही.

जास्त बीड कमी तापतं हे खरंच आहे. तुमच्या सेदानला पुढे एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असणार आणि इंजिनचं वजन सगळं पुढच्या चाकांवर. तिथे किट टाकण्यात अर्थ आहे. केमनचं इंजिन मधे आहे, मागची चाकंही आपला वाटा उचलतात, आणि कारखान्यातूनच चारी चाकांना चार पिस्टनचे एकसंध कॅलिपर आलेत. तुम्ही जे विकत घेतलंत ते त्यांना आधीच मिळालंय.

थांबायचं अंतर मात्र ब्रेक ठरवत नाही, टायर ठरवतो. जोरात ब्रेक मारल्यावर तुमच्या जुन्या ब्रेकला एबीएसची थरथर यायची ना पायाला? यायची. मग टायर आधीच हद्दीला पोचला होता. त्यापुढे बारा पिस्टन लावा, रस्त्यावरची पकड तेवढीच. उलट फक्त पुढे मोठं किट टाकलं आणि पिस्टनचं क्षेत्रफळ जुळवलं नाही, तर पुढची चाकं लवकर एबीएसमध्ये जातात, मागची आळशी बसतात आणि अंतर वाढतं. वर चाकाशी जड लोखंड, ते प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगच्या खालून मार देतं. केळीवाल्या भाऊंना तर १९ इंची चाकं घ्यायला लावतायत. रावेरच्या रस्त्यावर १९ इंची चाक आणि पापडासारखा टायर. वर्कशॉपवाला रावेरला आलाय का कधी?

चाळीसगावकडे उतरताना धाकधूक नसते ते उत्तम. पण तिथे दुसरा गिअर टाकला तर किट नसतानाही नसते.

घाटवाट_पुणे

टायरचा मुद्दा पटला. गिअरचा टोमणाही पोचला.

भुसावळ_लोको

मी गाड्यांमधला नाही, रेल्वेतला, आता निवृत्त. वाचताना मजा आली म्हणून लिहितो. कसारा घाटात चढ ३७ ला १ आहे. उतरताना तेवढं वजन धरायचं म्हणजे हाच उष्णतेचा प्रश्न, फक्त टनांत. नव्या विजेच्या इंजिनांत मोटारच जनित्र होते आणि ती ऊर्जा वरच्या वायरीत परत जाते, दुसरी गाडी ती वापरते. तुमची बिचारी सगळी हवेत. तापून चिरा पडलेली चाकंही आम्ही पाहिली आहेत. चीर किती लांब यापेक्षा कुठे निघाली आहे आणि कोणत्या दिशेने जाते ते आम्हाला आधी बघायला शिकवलं होतं. धुळेकरांनी कडेची चीर आणि भोकं जोडणारी चीर म्हटलं ते त्यातलंच. चीर बघण्याआधी डिस्क पुसून घ्या, मग उन्हात तिरकी धरून बघा. समोरून प्रकाश पडला तर ती दिसत नाही.

रावेरचा_केळीवाला

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे पुसून, तिरकी धरून पाहिली. पुढच्या डाव्या डिस्कवर दोन भोकं जोडणारी एक चीर आहे, बाकी बारीक. कॅलिपरचा लाल रंग वरच्या बाजूला मळकट चॉकलेटी झालाय, खाली लालच आहे. पिस्टनभोवतीचं रबर बोटाने दाबलं तर कडक लागतं.

काही प्रश्न. स्टीलच्या जाळीचे होज टाकू का? आमच्या केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमध्ये तापमान बघायची लेझरची गन आहे, पिटमध्ये ती लावून डिस्क बघितली तर चालेल का? आणि नवे पॅड "बसवायचे" कुठे आणि कसे? इथे तर ताशी शंभरला गाडी सोडायला जागा नाही.

आग्रारोड_धुळे

डाव्या डिस्कचा निकाल लागला. उजवीही बदला, जोडीनेच बदलतात.

रबर कडक म्हणजे पिस्टनचे धुळीचे बूट भाजलेत. ते गेले की माती आणि पाणी पिस्टनपर्यंत जातं आणि पिस्टन अडकायला लागतो. कॅलिपर उघडून आतली सीलं आणि बूट दोन्ही नवे टाका. किट टाकायचंच म्हणाल तर हे किट टाका, रबराचं, पावणेचार लाखांचं नाही. दोन अर्धुकं सोडवायला जाऊ नका, कॅलिपर एकसंध आहे. पिस्टन हवेच्या दाबाने काढतात, समोर लाकूड आणि जाड फडकं ठेवून. बोटं मध्ये नकोत. हे काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. रंग जाऊ द्या, चॉकलेटी रंगाने ब्रेक कमी लागत नाही. उलट पुढच्या वेळी कुणाकडून गाडी घ्याल तेव्हा चाकाच्या फटीतून आधी तोच रंग बघा, गाडी कशी चालली ते मालकापेक्षा खरं सांगतो.

स्टीलचे होज: टाकायला हरकत नाही. रबरी होज दाबाखाली जरा फुगतं, ते थांबतं, पेडल नेमकं लागतं. अंतर कमी होत नाही. तुमचे होज कारखान्यातले, म्हणजे २००८ चेच असतील तर बदला, मग स्टीलचे टाका नाहीतर नवे रबरी. स्टीलचे टाकलेत तर जाळी कशाला घासत नाही ना, ते स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

गन: दोन अडचणी. तुमचं चेंबर सोळा-अठरा अंशांवर असतं, त्या कामाच्या गनची हद्द कुठे संपते ते तिच्या पाठीवर बघा. आणि चकचकीत डिस्कवर ती खोटं बोलते, कमी दाखवते. शिवाय तुम्ही गार होण्याची लॅप फिरून पिटमध्ये येईपर्यंत खरा आकडा रस्त्यात सांडलेला असतो. कोइम्बतूरला आम्ही डिस्कच्या बाहेरच्या कडेवर रंगाचे तीन ठिपके लावायचो. एपी रेसिंगचे मिळतात: हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, केशरी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. सेशननंतर कोणत्याचा रंग बदलला ते बघायचं. हिरवाच गेला तर तुमचा डीएस २५०० खुशीत आहे. केशरी गेला तर तो हद्दीबाहेर राबतोय. लाल गेला तर आपण परत बोलू, तेव्हा कदाचित मी स्वतः किटचं नाव काढीन.

पॅड बसवणे: आपल्या रस्त्यावर शंभर नको. पहाटे जळगाव-धुळे चौपदरीचा मोकळा तुकडा बघा, आरशात मागे कुणी नाही याची खात्री करून ८० वरून ३० पर्यंत, मध्यम जोराने, पूर्ण न थांबता. मधे थोडं चालवून गार होऊ द्या, मग थोड्या जास्त जोराने. वास येईल, घाबरू नका. मग ब्रेक न लावता बरंच अंतर चालवा. उरलेलं ट्रॅकवर पहिल्या सेशनमध्ये करा, तेवढ्यापुरतं ते सेशन लॅपची वेळ कमी करायला नाही. नव्या पॅडमधला डिंक पहिल्यांदा तापला की त्याचा वायू निघतो आणि क्षणभर पॅड डिस्कवर तरंगतो. तो अनुभव चौथ्या वळणाला घेऊ नका.

आणखी एक. स्टॅबिलिटी कंट्रोल चालू असेल तर ते गाडी सावरायला तुम्हाला न विचारता एकेका चाकाला ब्रेक लावत असतं. डॅशवरचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर मागचे पॅड तुमच्यापेक्षा तेच जास्त खातंय. बंद करू नका, दिवा कमी कसा लागेल तसं चालवायला शिका. पॅड अर्धे झाले की ट्रॅकसाठी संपले समजा. पातळ पॅडमागे पिस्टन लगेच तापतो आणि परत तेलाची तीच कथा.

तापीकाठ

इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही. पॉलिसीच्या कागदावर वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, त्यात शर्यत आणि वेगाची चाचणी नाही चालत. ट्रॅकवर ठोकली तर खिशातून. आधी कागद वाचा भो.

रावेरचा_केळीवाला

वाचला. तसंच आहे. भावाला दाखवला नाही.

यादी अशी झाली: पुढच्या साध्या डिस्कची जोडी, चारी चाकांना डीएस २५००, कॅलिपरची रबरं, नवे होज, आरबीएफ ६००, जीटी३ चे पंखे दोन जोड्या, रंगाचे ठिपके. सगळं मिळून किटच्या अर्ध्याहून बरंच खाली येतंय. मागच्या डिस्क सध्या आहेत त्याच ठेवू का? तिथे चिरा नाहीत.

आग्रारोड_धुळे

जाडी छापलेल्या आकड्याच्या वर असेल तर ठेवा. मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियर कडेच्या ओठावर टेकतो आणि जास्त जाडी दाखवतो.

पंखे मागवताना उजवा-डावा वेगळा असतो, दोन उजवे येऊ देऊ नका. आणि कॅलिपरचे बोल्ट नवे घ्या, टॉर्क पान्याने आवळा. धुळ्याला आणलीत तर ब्लीडिंग, म्हणजे तेल बदलून हवा काढायचं काम, आपल्याकडे करू. दुपारी दोनच्या आत या, मे महिन्यात त्यानंतर शेडमध्ये पाना हातात धरवत नाही.

रावेरचा_केळीवाला

दादा, येतो. माल आला की फोन करतो. दुकानाच्या तोंडाला उतार आहे का? गाडी खालून घासते.

आग्रारोड_धुळे

आहे. दोन फळ्या टाकून ठेवतो.